फळीपलीकडची गिऱ्हाइकं

कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये. मी आमच्या गल्लीतला सगळ्यात प्रामाणिक माणूस. अशा माणसावर आजकाल विश्वास ठेवतंय कोण? पण रस्ता खोदला तेव्हा आमच्या दारातला खड्डा इतका खोल होता, की सलूनवाल्याचा कंगवा त्यात पडला आणि तळाला आपटल्याचा आवाज आम्ही दुसऱ्या दिवशी चहा पिताना ऐकला.

"कंगवा नव्हता, ब्रश होता," सलूनवाला म्हणाला. तो रोज दुपारी माझ्या शिलाईच्या दुकानात येऊन पेंगतो. त्याच्या खुर्चीत बसायला कुणी नसतं ना.

मी टेबलावर मांडी घालून कोटाची काजं करत होतो. दारात समोरच्या घड्याळजीची मुलगी उभी होती.

"काका, आवरा ना. बाहेर टेम्पो थांबलाय."

"थांबू दे. तुझ्या बापाचीच गोष्ट आहे. बस."

ती बसली नाही. मी सुरू केलं.

गल्लीच्या मधोमध चर आणि चरावर एकच फळी. गिऱ्हाईक तोंडाशी यायचं, फळीकडे बघायचं, बायकामुलांची आठवण काढायचं आणि माघारी फिरायचं. 'दुकाने सुरू आहेत' असा मोठा बोर्ड कंत्राटदाराने लावला खरा, पण तोंड आमच्याकडे करून. त्यामुळे दुकानं सुरू आहेत हे फक्त आम्हालाच कळायचं. खोदायचं यंत्र धडधडलं की घड्याळजीकडची घड्याळं घाबरून पुढे पळायची. भिंतीवरच्या एका घड्याळात तर पुढचा उन्हाळा लागला होता.

"रस्ता बुजेपर्यंत टिकलो तर टिकलो," घड्याळजी म्हणायचा, "नाहीतर शटर ओढायचं." डोळ्याला भिंग लावून तो दिवसभर त्या फळीकडे बघत बसायचा.

मग मी अक्कल पाजळली. म्हटलं, गिऱ्हाईक येत नाही ना? आपणच एकमेकांची गिऱ्हाइकं होऊ!

काय धंदा चालला म्हणून सांगू! सलूनवाल्याने माझी दाढी इतक्यांदा केली की शेवटी तिने उगवायचंच सोडलं.

"उगवते की," सलूनवाला डोळे न उघडता म्हणाला. "पांढरी आहे, म्हणून दिसत नाही तुला."

मी सलूनवाल्याला सदरे शिवले, त्याच्या खुर्चीला सदरा शिवला. रोज सकाळी माझ्या घड्याळाचा एक स्क्रू ढिला करायचो आणि ते फळीवरून घड्याळजीकडे न्यायचो. तो मन लावून उघडायचा, पुसायचा, लावायचा. मी खिशात हात घातला की हात धरायचा. "वेडा झालास का? शेजारी ना तू?"

कारण आमच्या गल्लीची रीतच तशी. शेजाऱ्याच्या कामाचे पैसे घ्यायचे नाहीत. आमच्या बापांनी घेतले नाहीत, आम्हीही घेतले नाहीत. रीत मोडायला हवी हे सगळ्यांना कळत होतं. पण पहिला हात पुढे करायचा कुणी? मला मान वर करायला फुरसत नव्हती आणि घरी डब्यांत खडखडाट. बायको म्हणाली, "एवढं काम करता, त्यातलं थोडं शिजवायला आणा."

घड्याळजीच्या हाताला कंप सुटला. भरल्या पोटी सुटत नाही तो. माझा स्क्रू त्याला सापडेना. मी घड्याळ न्यायचं बंद केलं, तर म्हणाला, "आता तूही येत नाहीस."

मुलीने तोंड फिरवलं. माझी सुई काजात अडकली. अशा वेळी थांबून चालत नाही. मी गोष्ट पुढे रेटली.

"आणि एके सकाळी बघतो तर काय! चर गायब, काळाकुळकुळीत रस्ता! तुझ्या बापाने शटर वर केलं आणि गिऱ्हाइकांची रांग पार कोपऱ्यापर्यंत. पहिला आला तो सोन्याचं घड्याळ घेऊन. तुझ्या बापाच्या भिंगावर वाफ धरली गं, रडत होता आनंदाने. विचार याला!"

सलूनवाल्याने डोळे उघडले आणि जमिनीकडे बघितलं.

मुलीने माझ्या मांडीवरचा कोट उचलला, घडी करून खुर्चीवर ठेवला.

"कुठली रांग, काका? बाबांनी शटर ओढलं तेव्हा चर तसाच होता. तुम्ही दोघांनीच त्यांचं टेबल फळीवरून इकडे आणलंत. उतरा आता, टेम्पोत चढवायचंय ते. त्याच्यावरच बसलाय तुम्ही."