सुपड्याचा डावा कान

आशाबाईंच्या कुत्र्याचं नाव सुपड्या. का, ते त्याचे कान बघितले की कळायचं; दोन बाजूंना दोन सुपं लटकवल्यागत! पण त्यातला डावा कान सारखा वाहायला लागला होता. घाण वास यायचा, आणि बिचारं मान वाकडी करून भिंतीला कान घासत बसायचं.

आता आशाबाईंनी औषध केलंच नाही, असं कुणी म्हणू नये. त्यांच्या फ्रिजच्या दारात थेंबांची बाटली कायम असायची. पण सुपड्याचं खाजवणं थांबलं की त्यांचा हातही थांबायचा. "बरं वाटलं ना लेकराला? मग कशाला छळायचं?" उरलेली बाटली परत फ्रिजात. पुन्हा कान वाहिला की पुन्हा तीच बाहेर. मधेच गल्लीतल्या कुणाच्या कुत्र्याचा कान दुखला, तर विरजण मागून न्यावं तशी ती बाटली घरोघर फिरून यायची. दारात आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवणं आशाबाईंना जमतच नसे.

या खेपेला मात्र थेंबांनी काडीचा फरक पडेना. तेव्हा रिक्षा केली आणि सुपड्याला अन् नवऱ्याला, तात्यासाहेबांना घेऊन त्या औरंगपुऱ्यात डॉक्टर अरफाच्या दवाखान्यात गेल्या. अरफा म्हणजे त्यांच्या मैत्रिणीची, फहमिदाची लेक. तिनं कानातला पू तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आल्यावर दोघांना समोर बसवलं.

"मावशी, नेहमीची औषधं ह्या जंतूंना आता लागूच पडत नाहीत. एकच उरलंय. तेही अर्धवट सोडलं, तर कानाची आतली नळी कापून काढावी लागेल. मग त्या कानानं ऐकू येणं कठीण."

"आगं, पण थेंब टाकले की खाज थांबायची की त्याची!"

"खाज थांबली म्हणजे जंतू संपले असं नसतं, मावशी. लेचेपेचे मरतात, दांडगे उरतात. मग त्या दांडग्यांचीच पिलावळ वाढते."

गंगापूरला माहेरी कपाशीवर आशाबाईंनी हेच बघितलं होतं. फवाऱ्यावर फवारे मारले, अन् शेवटी अळी काही केल्या मरेना.

"म्हणजे मीच पोसले की गं ते!" त्यांचे डोळे भरून आले.

"रडू नका. फक्त मन घट्ट करा. मी सांगेन तेव्हाच थांबायचं," अरफा म्हणाली.

मन घट्ट करणं काय सोपं असतं? सकाळ-संध्याकाळ आधी कान धुवायचा, मग अरफानं दिलेले नवे थेंब. तात्यासाहेब धरायचे, सुपड्या कळवळायचा, आशाबाईंचं काळीज तुटायचं. हळूच "सुप्या" म्हटलं तरी गल्लीच्या टोकावरून धावत येणारं ते कुत्रं आता त्यांची चाहूल लागली की दिवाणाखाली घुसायचं. ते त्यांना लई लागलं. थेंब टाकून झाले की त्या त्याला भाकरी-गुळाचा तुकडा द्यायच्या. तो तुकडा घ्यायचा आणि परत दिवाणाखाली पळायचा.

कान सुकला, वास गेला, तसे तात्यासाहेबच विरघळले. "आता सोड की गं त्याला. किती छळशील?"

"नाय. अरफा म्हणल्याशिवाय नाय. माझ्या मायेपायीच त्याचा कान जायची पाळी आली."

त्याच आठवड्यात शेजारची मोनिका दारात उभी. "काकू, आमच्या ब्रुनोचा कान वाहतोय. ती बाटली द्या ना जरा."

सवयीनं आशाबाईंचा हात फ्रिजकडं गेला, आणि तिथंच थांबला. "बाटली नाय मिळायची. ब्रुनोला घे, रिक्षा थांबव. मी येते तुझ्यासंगं अरफाकडं." मोनिकाचं तोंड उतरलं, पण गेल्या दोघी.

शेवटी एकदाची अरफानं बॅटरी लावून कान बघितला, आतलं पुसून काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं आणि हसली. "झालं, मावशी. आजपासून बंद." आशाबाईंनी उरलेली बाटली तिच्याच टेबलावर ठेवली. "ही तूच ठेव बाई. घरी असली की माझा हात जातो."

संध्याकाळी थेंबांच्या वेळेला त्या ओट्यावर नुसत्याच बसल्या होत्या. सुपड्या दिवाणाखालून आपणहून बाहेर आला, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि डावा कान वर करून पडून राहिला.

"आवं, बघा तरी! किती शहाणं माझं लेकरू!"

"शहाणं कशाचं? भाकरीला सोकावलंय," तात्यासाहेब म्हणाले.

"सोकावू द्या!" आशाबाईंनी डोळे पुसले, मोठा तुकडा मोडला, त्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "सुप्या, संपलं रे आता."

त्यानं कान टवकारला, आणि शेपूट हलवायला लागला.