चौदा नंबरचं जाकीट

आगोगो सिम्वाकांची सायकल गेली, पण जाकीट त्यांनी सोडलं नाही. सगळा घोळ तिथून सुरू झाला.

मी न्यागोंद्वे. करोंगाच्या बस डेपोसमोर काबाझांचा स्टँड आहे, सायकलच्या कॅरिअरवर उशी बांधून माणसं वाहणाऱ्यांचा, आणि त्या सायकलींच्या मधोमध मी चूल मांडून मंडासी तळते, पिठाचे गोडसर गोळे. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की तेल आपोआप तापतं, असं स्टँडचा चेअरमन म्सिस्का म्हणतो. फुकट मंडासी खाणाऱ्याने एवढं तरी बोलायलाच पाहिजे, म्हणून मी मनावर घेत नाही.

आमच्या रस्त्याने सीमेकडे जाणारे ट्रक सुसाट जातात. त्यांच्या चाकाखाली माणसं जायला लागली तेव्हा नगरपालिकेने प्रत्येक काबाझाला एक जाकीट दिलं. पोपटी रंगाचं, पुढेमागे रेडियमच्या पट्ट्या, पाठीवर हा मोठा नंबर. नंबरचं जाकीट नसेल तर सवारी बसवायची नाही. बसवली की पोलीस सायकल उचलून ठाण्याच्या आवारात टाकतात. नंबर जेवढे दिले तेवढेच, नवे पुढच्या वर्षाशिवाय निघत नाहीत.

चौदा नंबर आगोगोंचा. स्टँडवर सगळ्यांत म्हातारे तेच, म्हणून सगळेच त्यांना आगोगो म्हणायचे, आजोबा. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता आणि ते कुणाला सांगत नव्हते. एकदा त्यांनी शाळेच्या बाईंना सुक्या मासळीच्या टोपलीसकट गटारात घातलं. बाईंना काही झालं नाही, पण त्या दिवशी अख्ख्या वर्गाला मासळीचा वास आला म्हणतात. आम्ही पोट धरून हसलो. हसून झाल्यावर स्टँडची बैठक बसली आणि आगोगोंनी आता सायकल चालवायची नाही असं ठरलं. मुलगा लिलाँग्वेहून आला, “बाबा, आता आराम करा,” म्हणाला आणि सायकल बसच्या टपावर चढवून घेऊन गेला. आराम करा सांगायला तो एवढ्या लांबून आला आणि जाताना म्हाताऱ्याचे पायच घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आगोगो चालत स्टँडवर हजर. अंगात ते जाकीट, स्वच्छ धुतलेलं. मला वाटलं, सवय आहे, जाईल हळूहळू. तेवढ्यात बसमधून उतरलेली एक बाई ओरडली, “आगोगो, थांबा, थांबा!” आगोगो जागच्या जागी थांबले. बाई धापा टाकत आली आणि इकडेतिकडे बघायला लागली.

“सायकल कुठंय?”

“सायकल नाही. पण ती पिशवी द्या इकडे. दवाखान्यातच जायचंय ना? मी येतो की.”

पिशवी डोक्यावर घेऊन ते तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत गेले. पैसे घेतले नाहीत. परत आले तेव्हा स्टँडवरची पोरं टपलेलीच होती.

“काय आगोगो, टायर पंक्चर?”

“नाही रे, आता इंजिन पायात बसवलंय. पेट्रोल लागत नाही, तुझ्यासारखी बिअर पण लागत नाही.”

मग हे रोजचंच झालं. कुणी हाक मारायचं, ते थांबायचे, लोक वैतागायचे नाहीतर हसायचे, आणि कुणाचं तरी ओझं घेऊन आगोगो चालू लागायचे. कुणाचं काही बिघडत नव्हतं. लुसुंगु आली तेव्हा बिघडलं.

लुसुंगुचा नवरा कामाला म्हणून जोबर्गला गेला आणि त्याचा फोन लागायचा बंद झाला. दोन लेकरं घरात, दारात त्याची सायकल. तिने उशी शिवली, सायकल काढली आणि आमच्या स्टँडवर येऊन उभी राहिली. बाई म्हणून पोरांनी आधी नाकं मुरडली, मग तिच्या पायातला जोर बघून गप्प बसली. पण जाकीट नव्हतं. पहिल्याच आठवड्यात पोलिसांनी सायकल उचलली. ती माझ्या चुलीशेजारी येऊन बसली आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. रडली असती तर बरं वाटलं असतं.

“चौदा नंबर परत घ्यावाच लागेल,” म्सिस्का म्हणाला. “सायकल नसलेल्या माणसाकडे नंबर कशाला? आमामा, तुम्ही जा. तुमचं ऐकतील ते.”

“मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची म्हटलं की बरी मी आठवते रे तुला!”

“आमची हिंमत होत नाही, आमामा.”

आमामा म्हणजे आई; एवढं खरं बोलल्यावर ऐकावंच लागतं. कागदात चार मंडासी बांधल्या आणि गेले.

आगोगोंचं घर भातशेतीच्या पलीकडे. पावसाचं बोलून झालं, भाताचं झालं, माझ्या गुडघ्याचं झालं, मग त्यांच्या गुडघ्याचं. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? शेवटी तेच म्हणाले, “जाकीट न्यायला आलीस ना, न्यागोंद्वे?”

जाकीट समोरच होतं. त्यांच्या जेवायच्या जागेसमोरच्या खुर्चीच्या पाठीला नीट घातलेलं. समोर कुणी बसलंय असं वाटत होतं. मी तिकडे बघायचं टाळलं.

“आपण बाजारातून दुसरं आणू. असंच पोपटी. रेडियमही कोरं करकरीत.”

“बिननंबरचं? ते रस्त्याची कामं करणारे घालतात. लोक मला विचारतील, खड्डे कधी बुजवणार?”

मी हसले. ते हसले नाहीत.

“नमस्कार मला सगळे करतात,” ते म्हणाले. “कसे उठलात, आगोगो? बरा उठलो, तुम्ही कसे उठलात? आम्हीही बरे. की चालले पुढे. अख्खा रस्ता असा नमस्कार करत निघून जातो. थांबा असं कुणी म्हणत नाही. म्हातारी होती तेव्हा म्हणायची. अहो थांबा, टोपी राहिली. थांबा, मीठ संपलंय. ती गेली तसा तो शब्दच घरातून गेला. हे घातलं की पुन्हा ऐकू येतो.”

रडू यायला लागलं की मला राग येतो, तसा आला.

“मग त्या पोरीने काय करायचं? नवरा मेला की जिवंत ते तिला ठाऊक नाही. सायकल ठाण्यात गंजतीय. लेकरांना काय तुमचे नमस्कार खायला घालायचे?”

ते उठले, चाचपडत खुर्चीपर्यंत गेले आणि जाकिटाची घडी घातली. पट्ट्या आतल्या बाजूला, एकीवर एक न घासता.

“तिला सांग, ब्रश लावू नको, इस्त्री तर मुळीच नको. रेडियम मरतं. मग दिवसा दिसतं, पण अंधारात काही कामाचं नाही.”

मी जाकीट काखेत मारलं आणि चोरासारखी शेतातून परत आले.

लुसुंगुला ते गुडघ्यापर्यंत येत होतं. “चौदा नंबरने बायकांचं चितेंजे नेसलं रे!” म्हणून पोरं ओरडली. सायकल सुटली, ती कामाला लागली, सवाऱ्या मिळायला लागल्या. झालं ते बरंच झालं, असं मी सगळ्यांना सांगत होते.

आगोगो मात्र रोज सकाळी माझ्यासमोरून जायचे, एका जुन्या तपकिरी कोटात. लोक नमस्कार करायचे. ते उत्तर द्यायचे आणि तळ्याच्या दिशेने निघून जायचे, दुपारी तसेच परत यायचे. एके दिवशी मला राहवलं नाही.

“आगोगो, थांबा!”

ते गर्रकन वळले. चेहरा असा उजळला की मलाच कसंसं झालं. घाईघाईने आले.

“काय गं?”

“जरा चुलीकडे बघता? मी लाकडं घेऊन येते.”

माझ्या शेजारी लाकडांचा हा ढीग. त्यांच्या त्या डोळ्यांनाही तो दिसला.

“न्यागोंद्वे, खोटं थांबवू नकोस,” ते हळूच म्हणाले. “कळतं माणसाला.” आणि गेले.

त्यानंतर मी त्यांना हाक मारली नाही. कुठल्या तोंडाने मारणार?

मग ती संध्याकाळ. दिवस बुडाला होता, शेवटची बस येऊन लागली होती. आगोगो डेपोच्या कुंपणाजवळून घरी निघाले होते आणि त्यांच्या पुढून लुसुंगु मोकळी सायकल घेऊन चालली होती. बसमधून उतरलेली एक बाई, गाठोडं सावरत, मागून ओरडली, “ओ आगोगो सिम्वाका! थांबा हो, थांबा!”

आगोगो थांबले, वळले, त्यांनी हात वर केला. बाई त्यांच्या अंगावरूनच धावत पुढे गेली आणि तिने चौदा नंबरचं जाकीट गाठलं. लुसुंगु हसायला लागली. “मी आगोगो नाही हो, पण बसा, सोडते.” गाठोडं चढलं, बाई चढली, दोघी गेल्या. आगोगोंचा हात अजून वरच होता. मग त्या हाताने त्यांनी डोकं खाजवलं, जणू त्यासाठीच वर केला होता.

हे मी एकटीने पाहिलं. मी कढई उतरवली, निखाऱ्यांवर पाणी ओतलं, परातीत सगळं भरलं.

“आगोगो, थांबा!”

ते थांबले नाहीत. मी पुन्हा ओरडले. ते न वळताच म्हणाले, “लाकडं संपली का?”

“लाकडं आहेत. गुडघा संपलाय. परात जड आहे, आणि अंधार पडला की या ट्रकांची मला भीती वाटते. रोज वाटते. आजवर कुणाला सांगितलं नाही.”

आता ते वळले. माझा चेहरा त्यांना नीट दिसत नसणार, तरी बघत राहिले.

“खोटं असेल तर उद्या माझं तेल पेटू दे,” मी म्हटलं.

“तुझं पेटेलच कधीतरी. तळताना तुझं लक्ष सगळं भांडणात असतं.” आणि त्यांनी परात उचलली.

आम्ही निघालो. मी काळं चितेंजे पांघरलेलं, त्यांचा तो तपकिरी कोट. दोघांच्या अंगावर रेडियमचा एक धागा नाही. रस्त्याची कड उखडलेली, म्हणून मी डांबरावरून चालत होते आणि मनात नको ते विचार चालू होते. मागून काय येतंय ते मला कळलं नाही. ज्याचे डोळे जातात तो कानांनी जगतो.

“थांब!” आगोगो ओरडले आणि माझा दंड धरून त्यांनी मला गवतात ओढलं. ट्रक इतक्या जवळून गेला की परातीवरचं फडकं उडालं. त्याने आम्हाला पाहिलंच नव्हतं. भोंगासुद्धा वाजवला नाही.

“लागलं का?”

“नाही.”

“मग रडतेस कशाला?”

माझा नवरा गेल्यापासून मीच सगळ्यांवर ओरडत आले. मला थांब म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, हे त्या गवतात उभी राहीपर्यंत माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

घरापाशी त्यांनी परात खाली ठेवली, “बरी झोप” म्हणाले आणि परत फिरले. मी दारात उभी राहून बघत होते. जाकीट असतं तर वळणापर्यंत दिसले असते. तसे ते चार पावलांतच दिसेनासे झाले. मला एकदम फार भीती वाटली.

“आगोगो, थांबा!” मी ओरडले.

पावलांचा आवाज बंद झाला. काम काही नव्हतं, आणि ते त्यांनाही ठाऊक असणार.

“थांबलोय,” अंधारातून उत्तर आलं.