डोलकाठी एक हात पुढं

भरमा सुताराचा हात असा, की अनगोळपासून नंदगडपर्यंत बैलगाडी बघून लोक म्हणायचे, ही भरमाची. अन् माणूस? माणूस महाहट्टी. त्याचं मोजमाप चुकतंय असं म्हणायची छाती गावात कुणाची नव्हती. धाकट्या भावाची, रवळूची, तर मुळीच नाही.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. धरणाचं पाणी चढलं आणि पलीकडच्या वस्तीला दवाखाना बारा मैल लांब पडला. रवळूनं गोव्याहून एक जोडनाव आणली आणि माणसं ने-आण करायला लागला. दोन लांबट पोकळ होड्या, मधे आडव्या दांड्या, वर शीड. फायबरची, इतकी हलकी की दोघांनी उचलून काठावर ठेवावी. पण चार माणसं बसली की मूळचं शीड कमी पडे. म्हणून त्यानं वेंगुर्ल्याहून मोठं शीड अन् उंच डोलकाठी आणून भरमापुढं टाकली. "अण्णा, बसव एवढी."

भरमानं जन्मात नावेला हात लावला नव्हता. पण नाही म्हणेल तर तो भरमा कसला! गाडीचं त्याला पाठ होतं: भार मागं पडला की गाडी उलाळते, जू वर जातं, बैलांचा गळा आवळतो. म्हणून भार नेहमी जरा पुढं. त्यानं बाभळीची जाड दांडी घातली आणि डोलकाठी मूळ जागेपेक्षा एक हात पुढं रोवली.

रवळू म्हणाला, "अण्णा, काठी लई पुढं आली न्हाय व्हय?"

"चाळीस वरसं गाड्या केल्यात मी. एक तरी उलाळली व्हय रं? मला शिकवतोस?"

रवळू गप्प बसला. थोरल्यापुढं तो नेहमीच गप्प बसायचा.

बुधवारी सकाळी तो एकटाच निघाला, आधी रिकामी नाव बघतो म्हणाला. वारं पश्चिमेचं, जोराचं. मोठं शीड फुगलं, नाव सुसाट सुटली, काठावरची माणसं ओरडली, "शाब्बास रे रवळू!" आणि पुढची दोन्ही टोकं पाण्यात घुसली. एवढीशी हलकी नाव, वर एवढं ओझं, तेही पुढंच. मागची बाजू उचलली अन् नाव तोंडावर उलटली. डोलकाठी रवळूच्या डोक्यात बसली. पट्टीचा पोहणारा, पण शुद्धच राहिली नाही त्याला; बुडाला.

काठावर उभ्या भरमाला तिथंच कळलं. आपण नावेची गाडी केली.

लोक म्हणाले, हाव नडली. बारक्या नावेला एवढं शीड कशाला? आई, शेवंताबाई, तेच धरून बसली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकापुढं छाती पिटायची, "माझ्या प्वाराला हाव सुटली गं! मेल्यानं माझं म्हातारपण बुडवलं!" भरमा शेजारी बसून ऐकायचा. बोलला असता तर इतक्या वर्षांची अब्रू गेली असती, आणि खरं सांगायचं तर त्याला आईची भीती वाटत होती.

नवव्या दिवशी दुपारी घरात कुणी नाही बघून तो आईपुढं बसला.

"आये, शीडानं न्हाय बुडाली नाव. काठी मी पुढं रोवली, गाडीगत. त्यो मला बोललाबी हुता. मीच गप्प केलं त्येला."

म्हातारी रडली नाही, ओरडली नाही.

"आठ दिस मी त्येला शिव्या घातल्या रं, भरमा," ती म्हणाली. "त्या आता म्या कुठं नेऊन टाकू?"