दिवेलागणीची सुई

चिंचणीत वत्सलाकाकूंच्या पडवीला लागून ‘सोबत’ या युवा संघटनेची खोली होती. सुरुवातीला संघटनेत बरेच युवा होते. मग एकेकाला तारापूरच्या कारखान्यांत नोकरी लागली, दोघींची लग्नं झाली, आणि व्यापक जनआंदोलन म्हणून रूपल आणि कुशल उरले. कुशल आज इंटरव्ह्यूला गेला होता.

संघटनेचं काम म्हणजे नशा टोचून घेणाऱ्या पोरांकडून वापरलेल्या सुया घ्यायच्या, नव्या द्यायच्या. निदान एकाचा रोग दुसऱ्याला लागत नाही. काकूंना हे पटलं होतं. अट एकच: दिवा लागल्यावर घरातून सुई जायची नाही, लक्ष्मी जाते. रूपलने मान डोलावली. पण पोरांची शिफ्टच सुटायची अंधार पडल्यावर. त्यामुळे ती रोज काकूंच्या नकळत लक्ष्मी घालवत होती. कलेक्टरांपुढे धोरणावर बोलताना न अडखळणारी रूपल काकूंची पावलं वाजली की गार पडायची.

आज पावलं नागोरावांची होती. ते गावच्या सुरक्षा समितीचे अध्यक्ष, मागे चार माणसं. आत मेहुल, त्या पोरांपैकीच एक, नव्या सुया घेऊन निघायच्या बेतात होता. रूपलने दार लोटलं, पण कडी वाजेल म्हणून लावली नाही. काकू अंगणात तुळशीपाशी होत्या.

“वत्सला, तुज्या घरातून गर्दुल्ल्यांना सुया वाटतात म्हनं. खोली आजच खाली कर, नायतर पोलीस पोरीला नेतील.”

“कवा वाटतात?”

“आता. दिवे लागल्यावर.”

“दिवे लागल्यावर? माज्या घरातून? नागोभाऊ, पिऊन आलास काय?” काकूंनी तुळशीवर हात ठेवला. “हिची आन. एक सुई जात नाय.”

मेहुलच्या मुठीत प्लॅस्टिक चुरचुरलं. रूपलने त्याचं मनगट धरलं.

बाहेर वाद संपला होता. दिवेलागणीला सुई देणारी बाई त्या पाचांपैकी कोणी जन्मात पाहिली नव्हती. “नजर ठेवू,” म्हणून नागोराव गेले.

काकूंनी दार ढकललं आणि मेहुलची मूठ पाहिली. खोली गेली, संघटना गेली, रूपलला वाटलं.

“तुळशीम्होरं खोटी पाडलीस गं बाय मला.”

“काकू, मी...”

“गप. तू रं, कामावरनं सुटतोस कवा?”

“साताला, मावशी,” मेहुल पुटपुटला.

काकूंनी देवघराकडे पाहिलं. “उद्यापासनं दिवा तुमी गेल्यावर लावीन. मंग आन खोटी नाय.”

दुसऱ्या दिवशी वाडीतली सगळी घरं उजळली. एकच काळोखात राहिलं, आणि म्हणून लांबून सगळ्यात आधी तेच दिसत होतं. समोरच्या ओट्यावर नागोराव येऊन बसले. काकू दारात काड्यापेटी घट्ट धरून उभ्या होत्या, आणि रस्त्यावरून मेहुल शीळ घालत येत होता.