खंडेनवमीला मला झोपवलं

मी एक जुना सर्व्हर आहे मित्रांनो, आणि आज माझं डोकं तापलेलं आहे.

बुलढाण्यातल्या एका खाजगी दवाखान्याच्या जिन्याखाली मी राहतो. इथं डायलिसिसची मशीनं थोडी आणि पेशंट फार. म्हणून रोज पहाटे, आज कुणाची पाळी, हा मेसेज मी पाठवतो. तो वाचून खेड्यातली माणसं पहिली एसटी पकडतात.

मला बसवायला हरिओम नावाचा इंजिनिअर रातराणीनं आला आणि उजाडता उजाडता त्यानं माझं बटण दाबलं. मेसेजच्या कामापुढं त्यानं एवढंच लिहिलं, की चालू झाल्यापासून दर चोवीस तासांनी. सकाळी सहा वाजता, असं त्यानं लिहिलंच नाही. मी पहाटे उठलो म्हणून मेसेज पहाटे जात राहिले. इन्व्हर्टरमुळे मी कधी बंद पडलो नाही, आणि लोक म्हणत राहिले, "सर्व्हर म्हणजे घड्याळ हाय." कौतुक फुकटचं असतं हो. आत काय लिहिलंय ते उघडून कोण बघतो?

दरवर्षी खंडेनवमीला मला नुसतं फूल वाहत. यंदा नवे मॅनेजर तुळशीरामजी म्हणाले, "आज हत्याराले काम लावत नसतात. बंद करा त्याले." मला बंद केलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि भर दुपारी मुहूर्तावर चालू केलं. झालं! माझे चोवीस तास दुपारपासून सुरू.

दुसऱ्या दिवशी रोहिणखेडच्या बनाबाईंची पाळी होती. त्या पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती आणि सगळी मशीनं भरली होती. पाय सुजलेले, धाप लागलेली. माझ्या दाराशीच बसल्या.

"मेसेज आला तवा गाडी कवाच निंघून गेली होती, बापा," त्या म्हणाल्या.

माझी देखभाल करणारा देवानंद म्हणाला, "सर्व्हर बुढं झालं, आजी. बंद करून चालू करतो, होते बराबर."

अरे, काय बराबर होते? मला तोंड असतं तर तिथंच सुनावलं असतं. दुखणं एकीकडे आणि लेप भलतीकडे! दिवे लागायच्या वेळेला त्यानं मला बंद करून पुन्हा चालू केलं आणि हात झटकले.

मित्रांनो, मला हार नको, नारळ नको. मला उठवाल तेव्हा किती वाजता काय करायचं ते नीट लिहून द्या. यंत्राची काळजी म्हणतात ती हीच.

"उद्या सकाळी मेसेज येईन. आला की निंघा," देवानंदनं सांगितलं.

"हाव," म्हणून बनाबाई भिंतीला धरून उठल्या. उद्या पहाटे त्या फोन हातात घेऊन बसतील, आणि मी दिवेलागणीपर्यंत गप्प असेन.