स्कॅन पोचत नाही

ऐलय्याचं नाव फोनवर पुन्हा झळकलं आणि सृजनाने कपाळाला हात लावला. करीमनगरच्या स्कॅन सेंटरातला हा माणूस हैदराबादच्या कुठल्याही संगणकवाल्याला संन्यास घ्यायला लावेल.

"मॅडम, घेत नाहीये. शेवटपर्यंत जातंय आणि परत येतंय."

जात होतं ते पोशव्वाच्या डोक्याचं स्कॅन. म्हातारीच्या डोक्यात गाठ होती. ऑपरेशन करायचं की औषधांवर भागवायचं, हे चक्रपाणी डॉक्टर इथे हैदराबादेत बसून ठरवणार होते, आणि ते पाचला विमानतळाकडे निघणार ते पंधरवड्यानेच परतणार. गाठ काही तोवर त्यांची वाट बघत बसणार नव्हती. स्कॅन पाठवायची साइट सृजनाने बांधलेली. सकाळीच ऐलय्याने विचारलं होतं, पेन ड्राइव्ह बसच्या कंडक्टरकडे देऊ का? तिला ते झोंबलं. मग साइट काय शोभेला आहे का, म्हणून तिने त्याला उडवून लावलं. आता दुपार कलली होती आणि बस काही पाचच्या आत पोचत नव्हती.

दुखणं फाइलच्या आकारात आहे, एवढं तिला कळलं होतं. सेंटरने नवं यंत्र घेतलं आणि त्याच्या फायली जुन्यांच्या दसपट निघाल्या. सर्व्हरला मात्र सांगून ठेवलेलं, की अमक्यापेक्षा मोठं काही घरात घेऊ नकोस. तिने ती मर्यादा वाढवली. उपयोग शून्य. एका फाइलची मर्यादा वेगळी आणि अख्ख्या फॉर्मची वेगळी, म्हणून तीही वाढवली. मग वेळेची. मग पुढच्या दारावरच्या दुसऱ्या सर्व्हरची मनधरणी केली, कारण एका घराला दोन दरवान नेमायची या धंद्याला खोड आहे आणि ते दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. दर वेळी सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं, दर वेळी ऐलय्याला म्हणाली, पाठवा. आणि दर वेळी त्याचं आपलं तेच. तुमचं इंटरनेटच रडकं आहे, तुम्हीच मध्ये काहीतरी दाबत असाल, असं ती त्याला नाही नाही ते बोलली. तो बिचारा हो मॅडम, हो मॅडम करत राहिला.

शेवटी घोळ सापडला. सेटिंगची फाइल एकाच नावाने दोन जागी असते. एक वेबसाइटसाठी, दुसरी हाताने आज्ञा देऊन चालवायच्या कामांसाठी. सृजना दुपारभर त्या दुसरीतच आकडे वाढवत बसली होती. शेजारच्या घरातला बल्ब बदलायचा आणि आपल्याकडे उजेड का पडत नाही म्हणून घरच्यांवर खेकसायचं, त्यातली गत. ही चूक या धंद्यातल्या प्रत्येकाने केलेली असते आणि दुसऱ्याने केली की प्रत्येकजण हसतो. तिला मात्र स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिने खरी फाइल उघडली, आकडे बदलले आणि फोन लावला.

"आता पाठवा. आता जाईलच."

"कोणतं पाठवू, मॅडम? पहिलं, दुसरं की तिसरं?"

"तिसरं कसलं?"

"स्कॅन हो. तुमची साइटच लिहून दाखवते ना, स्कॅन सदोष आहे, पुन्हा काढा. म्हणून आणखी दोनदा काढलं. म्हातारी अव्वा त्या यंत्राच्या बोगद्यात फार घाबरते. आता पुन्हा चल म्हटलं, तर बाकडं धरून बसलीय."

ते वाक्य तिचंच होतं. फाइल कुठल्याही कारणाने आली नाही, तर हेच दाखवायचं, असं तिने साइट बांधताना घाईत लिहून टाकलेलं. पडद्यावर काय उमटतंय, हे दिवसभरात तिने ऐलय्याला एकदाही विचारलं नव्हतं.

"पहिलंच पाठवा," ती म्हणाली, "आणि फोन अव्वांना द्या."

पलीकडे धापा ऐकू आल्या. सृजनाने सांगितलं, की अव्वा, तुमचं पहिलंच स्कॅन चांगलं होतं, चूक माझी झाली, आता त्यात जायचं नाही. इकडे फाइल पूर्ण पोचली आणि थोड्याच वेळात डॉक्टरांनी ती उघडल्याची खूणही उमटली. सृजना फोन ठेवायला गेली.

"मी हललेच नव्हते, बिड्डा," पोशव्वा लेकीशी बोलावं तसं म्हणाली. "हे सगळे म्हणतात, तू हलतेस म्हणून बिघडतं. माझा पोरगासुद्धा ओरडला. तू सांग यांना."