कोकरं पाजायची वेळ

धनाजीने वीस वर्षं कोइमतूरला लोकांचं जुनं सोनं गाळण्यात घालवली होती, आणि माणदेशात परतल्यावर त्याला एकच गोष्ट हवी होती: फलटणच्या वाटेवरच्या गोल्फ क्लबाचं सभासदत्व. त्याच्या बापाने, तात्याबांनी, ज्या माळावर मेंढरं राखली तिथे आता बारमाही हिरवळ होती. भोवतालच्या वाड्यावस्त्या टँकरची वाट बघत आणि आतलं गवत रोज न्हाऊन निघे. प्रवेशाची रक्कम भरायला धनाजीने कोइमतूरच्या दुकानातली भागीदारी विकली, पण नुसत्या पैशाला तिथे कोण विचारतो? दोन सभासदांची शिफारस लागे, वर्षभर पाहुणा म्हणून खेळावं लागे, मोजे कुठवर ओढायचे आणि हरल्यावर किती हसायचं हेही शिकावं लागे. धनाजी सगळं शिकला. शेवटी उरला तो समितीबरोबरचा चहा, कुटुंबासह.

तात्याबा धुतलेलं धोतर, गुलाबी पटका आणि खांद्यावर घोंगडं असे तयार होऊन गाडीत बसले. घोंगडं घरी ठेवा म्हणायचा धीर धनाजीला झाला नाही. म्हाताऱ्याचा त्या मुलखात मान होता. संध्याकाळी मेंढरं परतली की दिवसभर वाडग्यात, काट्याच्या कुंपणाआड, कोंडलेलं एकेक कोकरू उचलायचं, त्याची टाळू हुंगायची आणि नेमकं त्याच्या आईखाली सोडायचं, यात साठ वर्षांत ते एकदाही चुकले नव्हते. दुसऱ्याच्या कळपातलं भरकटून आलेलं असलं तर रागावत नसत. उचलून कुंपणाबाहेर ठेवून येत. लहानपणी धनाजी खेळून घरी आला की त्याचीही टाळू हुंगत आणि हसत.

क्लबाच्या व्हरांड्यात समितीचे अध्यक्ष वीरधवल अदबीने उठले. त्यांनी धनाजीच्या बायकोला, पल्लवीला, नमस्कार केला आणि घोंगड्याकडे बघत सहज विचारलं, "आणि हे?"

प्रश्न साधा होता, उत्तर त्याहून साधं. पण धनाजीच्या तोंडून भलतंच निघालं. "आमच्याकडचे जुने मेंढके. हा माळ त्यांच्या पायाखालचा, म्हटलं दाखवून आणावा."

"वा, छान," वीरधवल म्हणाले. तात्याबांनी हात जोडले आणि ते पायरीवर जाऊन बसले. पल्लवीने मान खाली घातली ती चहा संपेपर्यंत वर केली नाही.

घरी उतरल्यावर म्हातारा गाडीच्या खिडकीशी आला. "लय उपकार झालं, सायेब. घरापातूर सोडलंसा."

हा टोमणाच, असं धनाजीला वाटलं, आणि तो त्याला लागला. जेवायच्या वेळी त्याने बापाचे पाय धरले. तात्याबांनी संकोचून पाय मागे घेतले. "आवं सायेब, ह्ये काय?" मग सुनेकडे वळून त्यांनी विचारलं, "सूनबाई, धनाजी कवा येणार हाय?" त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, रुसवाही नव्हता. धनाजीला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा.

दहिवडीच्या डॉक्टरांनी तपासून सगळं ठणठणीत असल्याचं सांगितलं. खुद्द डॉक्टरांच्या आज्याचं नाव आणि त्याच्या बैलांचे रंग तात्याबांनी बिनचूक सांगितले होते. घरी भिंतीवरच्या फोटोतल्या धनाजीवर बोट ठेवून ते म्हणाले, "ह्यो माझा ल्योक." फोटोच्या शेजारी उभ्या असलेल्या धनाजीकडे बघून मात्र त्यांनी पटका सावरला, परक्या माणसापुढे सावरतात तसा.

मग दारातलं कुत्रं त्याच्यावर भुंकायला लागलं. त्याच्याबरोबर विहिरीत पोहायला शिकलेला चुलतभाऊ धुळा बोलता बोलता 'तुमी'वर आला. एका दुपारी पल्लवीने दार उघडलं आणि जरा जास्तच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"काय न्हाई. वाटलं, कोण आलंय."

क्लबाचं पत्र आलं ते त्याच आठवड्यात. समितीला आनंद झाला होता. धनाजी आता त्यांच्यातला होता. त्याने पत्राची घडी खिशात घातली आणि तो घरामागच्या वाडग्याकडे गेला. दिवस मावळत होता, मेंढरं परतली होती आणि तात्याबा व धुळा कोकरं पाजत होते. धनाजी आत शिरला, लेंड्यांत गुडघे टेकून बसला आणि त्याने बापापुढे डोकं खाली घातलं. चाळीस वर्षांत तो असा रडला नव्हता.

"तात्या, बघा तरी एकदा."

म्हातारा वाकला. त्याने दोन्ही हातांनी ते डोकं धरलं, टाळूला नाक लावलं आणि बराच वेळ हुंगलं. दूध आणि लोकरीचा तो ओळखीचा वास धनाजीच्या छातीत भरून आला. मग त्या हातांनी त्याला काखेत धरून हळूच उठवलं, वाडग्याच्या तोंडाशी नेलं, बाहेर उभं केलं आणि दाराला लावायचा काटेरी फांद्यांचा फेस पुन्हा ओढून घेतला.

"धुळा," आतून तात्याबांचा मऊ आवाज आला, "ह्ये आपल्यातलं न्हवं रं. कुणाचं चुकलंय, बघ बरं."

आणि त्यांनी पुढचं कोकरू उचललं.